रिजिड स्कोपचं चित्र पुन्हा पुन्हा धूसर होतंय? आधी काच शोधा, मग पुसा

तक्रार नेहमीचीच. कुत्र्याला भूल दिली, स्कोप (शरीराच्या आत पाहायची न वाकणारी, नळीसारखी दुर्बीण) नाकात घातला, पहिलं अर्धं मिनिट चित्र लख्ख आणि मग पडद्यावर पांढुरकं धुकं. बाहेर काढून टोक पुसलं की ठीक, आत गेलं की पुन्हा तेच. दोन-चार वेळा असं झालं की निष्कर्ष निघतो, "स्कोप गेला." बहुतेक वेळा स्कोप गेलेला नसतो. धूसरपणा एका काचेवर असतो आणि आपण दुसरीच पुसत असतो.

हे लिखाण मुख्यतः २.७ मिमी जाडीच्या, ३०° कोनाच्या, १८ सेमी लांबीच्या स्कोपला धरून आहे. लहान प्राण्यांच्या दवाखान्यात नाक, कान, मादीचा मूत्रमार्ग, पक्ष्याचं पोट अशा सगळ्या ठिकाणी तोच फिरतो. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ५ मिमी स्कोपला वेगळं काही लागू होत असेल तिथे तसं लिहिलं आहे.

चित्राचा रस्ता असा: टोकाची काच, नळीच्या आत एकामागे एक बसवलेल्या काचेच्या कांड्या, डोळ्याकडची काच, कॅमेऱ्याच्या कपलरची (कॅमेरा स्कोपला जोडणाऱ्या भागाची) काच, मग सेन्सर. उजेडाचा रस्ता वेगळा. तो लाइट केबलमधून येतो, स्कोपच्या बाजूच्या खुंटीतून आत शिरतो आणि टोकाच्या काचेभोवतीच्या तंतूंतून बाहेर पडतो. म्हणजे पुसण्याजोग्या काचा तीन, न पुसता येणारा भाग नळीच्या आतला, आणि उजेडाची भानगड स्वतंत्र.

दोन मिनिटांची तपासणी

१. स्कोप बाहेर काढा, कॅमेरा आणि लाइट केबल दोन्ही सोडवा. टोक खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे धरून नुसत्या डोळ्याने आतून पाहा. लाइट सोर्स जोडलेला असताना डोळा लावू नका. चित्र स्वच्छ दिसलं तर स्कोप निर्दोष आहे, दोष कपलर किंवा कॅमेऱ्याकडे, नाहीतर आत गेल्यावर टोकावर धरणाऱ्या वाफेचा.

२. डोळ्यालाही धूसर दिसलं तर टोकाची आणि डोळ्याकडची काच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, कोरडी करा, पुन्हा पाहा. सुधारलं तर बाहेरचा थर होता. काहीच फरक नाही, तर थर चिवट आहे किंवा दोष आत आहे.

३. ठिपका किंवा डाग दिसत असेल तर कॅमेरा स्थिर धरून फक्त स्कोप गोल फिरवा. डाग स्कोपबरोबर फिरला तर तो स्कोपवर, जागेवरच राहिला तर कपलर किंवा कॅमेऱ्यावर.

४. चित्राची जात ओळखा. पांढुरकं, सपाट, रंग उडालेलं म्हणजे बाष्प किंवा थर. काळपट आणि दाणेदार म्हणजे उजेड कमी पडतोय आणि कॅमेरा जबरदस्तीने चित्र उजळवतोय. एका कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली म्हणजे नळी वाकली आहे किंवा आतली कांडी तडकली आहे.

पहिली पायरी सर्रास टाळली जाते, कारण कॅमेरा सोडवायचा कंटाळा. पण निम्मा घोळ तिथेच मिटतो.

टोकावर धरणारी वाफ

कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. नाकातली आणि पोटातली हवा ओलसर. शस्त्रक्रियेच्या खोलीत एसी २०-२१ वर, म्हणजे स्कोपची काचही तेवढीच गार. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं जे होतं तेच इथे होतं. जानेवारीत पुण्यातल्या सकाळी तर कपाटातून काढलेला स्कोप आणखी गार असतो, म्हणून पहिल्या केसला त्रास जास्त.

उपाय एकच: काच शरीरापेक्षा गरम हवी. चांगल्या थर्मासमध्ये ४५ ते ५० अंशांचं निर्जंतुक पाणी भरा, तळाशी गॉजची घडी टाका म्हणजे टोक आपटणार नाही. स्कोपचं टोक निदान ३० सेकंद, थंडीत मिनिटभर बुडवा. काढल्यावर निर्जंतुक गॉजने टिपून लगेच आत घाला. २.७ मिमीची नळी इतकी बारीक असते की हवेत काही सेकंदांत गार होते. थर्मास खोलीच्या कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर असेल तर सगळा खटाटोप फुकट. तो टेबलाला लागून हवा. पाणी ५० च्या वर नको, काचेच्या सांध्यांना ते सोसत नाही. आणि पाणीच वापरा, सलाईन नको. सलाईन वाळलं की मीठ मागे राहतं आणि उजेडाच्या उष्णतेने काचेवर भाजल्यासारखं बसतं. अँटीफॉग द्रावण वापरायचं तर काच गरम करून, कोरडी करून मग त्याचा पातळ थर द्या. गार काचेवर नुसतं अँटीफॉग चोपडून फार काळ निभत नाही.

दुर्बिणीने पोटाची शस्त्रक्रिया करताना आणखी एक गोष्ट पाहा. कार्बन डायऑक्साइडची नळी स्कोपच्याच पोर्टला (पोटाच्या भिंतीत बसवलेल्या, स्कोप आत घालायच्या नळीला) जोडली असेल तर सिलिंडरमधला गार वायू सतत काचेवरून वाहतो आणि गरम केलेलं टोक मिनिटाभरात गार होतं. दुसरा पोर्ट बसला की नळी तिकडे हलवा. दाब कुत्र्यात ८ ते १२ मिमी पारा पुरतो, मांजरात त्याहून कमी. दाब वाढवून चित्र सुधारत नाही, श्वसन मात्र बिघडतं.

आता उलट बाजू. नाकात किंवा मूत्राशयात शीथमधून (स्कोपवर चढवलेल्या बाहेरच्या नळीतून) सलाईन वाहत असेल तर टोकासमोर हवाच नसते, मग वाफ धरायचा प्रश्न उरत नाही. सलाईन चालू असतानाही धुकं दिसत असेल तर थर्मासला दोष देऊ नका. ते रक्त आहे, शेंबूड आहे, हवेचा बुडबुडा आहे, नाहीतर पुढचं प्रकरण आहे.

डोळ्याकडची काच आणि कपलर यांमधला थेंब

पुन्हा पुन्हा येणाऱ्या धूसरपणाचं आमच्या मते हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. स्कोप जंतुनाशकातून काढला, धुतला, बाहेरून पुसला. आयपीसच्या (डोळ्याकडच्या टोकाच्या) खोलगट कडेत मात्र पाण्याचा एक थेंब राहिला. त्यावर कपलर घट्ट बसवला. कॅमेरा चालू झाला, कॅमेऱ्याचं डोकं तापलं, थेंबाची वाफ झाली आणि त्या बंद जागेत दोन्ही काचांवर जमली. टोक कितीही पुसा, चित्र हलत नाही. मग कोणीतरी कपलर काढून पुन्हा बसवतो, वाफ उडते, चित्र सुधारतं. सगळ्यांना वाटतं, कनेक्शन ढिलं होतं. दहा मिनिटांनी पुन्हा पहिले पाढे.

कपलर जोडण्याआधी आयपीसची खोबण गॉजचं टोक पिळून कोरडी करा, मग कापसाच्या काडीने काच, मग कपलरची काच. कॅमेऱ्यावर निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण चढवत असाल तर आवरण आणि कपलर यांच्यामध्ये ओल अडकत नाही ना, तेही पाहा. शस्त्रक्रियेच्या मध्ये असं झालं तर स्कोप आत ठेवून वरच्या वर खटपट करू नका. स्कोप बाहेर, कपलर सुटा, दोन्ही कोरडे, मग पुन्हा आत.

कॅमेरा एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणला की कपलरच्या काचेवर बाहेरून ओल धरते. जुलै-ऑगस्टमध्ये मशीन वापरायच्या खोलीतच अर्धा तास आधी काढून ठेवा.

चिवट थर: पाणी, ग्लुटाराल्डिहाइड, फॉर्मलिन

खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने सौम्य. पण वाघोली, उंड्री, पिसोळीकडे दवाखाना असेल आणि टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी पडत असेल तर त्यातले क्षार प्रत्येक धुण्यागणिक काचेवर एकेक पातळ थर ठेवून जातात. चित्र एका दिवसात बिघडत नाही, काही महिन्यांत हळूहळू मळकं होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटच्या खळबळण्याला जे पाणी वापरता त्याचा एक थेंब स्वच्छ स्लाइडवर टाकून वाळू द्या. पांढरं वर्तुळ उमटलं तर ते पाणी स्कोपला लावू नका. नळाने धुवा, पण शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्याने. निर्जंतुक काम असेल तर निर्जंतुक पाण्याने. घरगुती आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, त्यालाही हीच स्लाइडची चाचणी लावा.

पिवळट-तपकिरी थर वेगळा. नीट न धुतलेला स्कोप थेट २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवला की काचेवरचं रक्त आणि प्रथिनं तिथेच घट्ट बसतात. ऊती टिकवायला हेच रसायन वापरतात, तेव्हा ते काचेवरचं रक्त धुऊन काढेल ही अपेक्षाच चूक. वापर संपला की लगेच, रक्त वाळायच्या आत, तटस्थ पीएचच्या एन्झाइम द्रावणात कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं. ४० अंशांच्या वर पाणी नको. लाइट केबलच्या खुंटीवरचे जोड फिरवून सुटे करा, त्यांच्याखाली घाण साठते. मऊ ब्रश, भरपूर पाणी, टिपून कोरडं, आणि मगच ग्लुटाराल्डिहाइड २० मिनिटं. रात्रभर बुडवून ठेवण्याने स्कोप जास्त स्वच्छ होत नाही, सांध्यांचं सील मात्र लवकर मरतं. सक्रिय केलेलं द्रावण साधारण १४ दिवसांचं. रोज वापर असेल तर त्याआधीही ते दुबळं होतं, म्हणून तपासपट्टी ठेवा. नंतर तीन वेगवेगळ्या पाण्यांतून खळबळा. प्राण्याच्या सांध्यात किंवा पक्ष्याच्या पोटात स्कोप जाणार असेल तर इथे जराही घाई नको, उरलेलं रसायन ऊती भाजतं.

काही दवाखान्यांत अजून फॉर्मलिनच्या गोळ्यांची पेटी चालते. त्या वाफेचा पांढरा भुकटीसारखा थर काचेवर बसतो आणि तो क्षारांसारखाच दिसतो. पेटीत स्कोप ठेवत असाल आणि धूसरपणा जात नसेल तर पाण्याआधी पेटीकडे पाहा. खरं म्हणजे स्कोपसाठी ती पेटी वापरूच नये.

थर अल्कोहोलने निघाला नाही तर कंपनीची पॉलिशची पेस्ट मिळते. टाचणीच्या डोक्याएवढी कापसाच्या काडीवर, काचेवर हलक्या हाताने गोल फिरवायची, कोमट पाण्याने धुऊन टाकायची. ही कधीमधीची गोष्ट, रोजची नव्हे. टूथपेस्ट, ब्लेडचं टोक, भांड्यांची घासणी यांतलं काहीही नको. अल्ट्रासॉनिक टबमध्ये चिमटे आणि ट्रोकार खुशाल टाका, स्कोप कधीच नाही. त्या कंपनांनी काचा धरून ठेवणारा गोंद सुटतो.

प्राण्याच्या आतलीच घाण

नाकात रक्त आलं की चित्र लाल होऊन मग काळं पडतं, कारण रक्त उजेड शोषतं. तेव्हा लाइट वाढवून उपयोग नाही. एक लिटर सलाईनची पिशवी टेबलापासून सुमारे मीटरभर उंच टांगा, प्रवाह सतत ठेवा, श्वासनळीची नळी कफ फुगवलेली, घशात दोरा बांधलेलं गॉज, नाकपुडी खाली झुकलेली. गॉज किती घातले ते फळ्यावर लिहा. रक्त थांबत नसेल तर फ्रिजमधलं गार सलाईन सोडून ५ मिनिटं थांबा. लहान कुत्र्यात आणि मांजरात त्याने शरीर गार पडतं, तापमापी लावून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी सीटी किंवा एक्स-रे, मग निरोगी बाजू, मग आजारी बाजू, बायोप्सी शेवटी. चिमट्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर चिकटपट्टीने खुणावून घ्या, त्यापलीकडे मेंदूलगतचं चाळणीसारखं हाड आहे. नाकातून रक्त येणारा कुत्रा समोर आला की स्कोपच्या आधी प्लेटलेट मोजा. आपल्याकडे गोचीडतापाने प्लेटलेट उतरून नाक वाहणारे कुत्रे कमी नाहीत. तिथे स्कोप घातला तर चित्रही दिसत नाही आणि रक्तही थांबत नाही. भटक्या कुत्र्यांत नाकातला टीव्हीटीही (कुत्र्यांत संभोगातून पसरणारी गाठ) असाच स्पर्शाला भसाभस वाहतो.

पाऊस सरला की वेताळ टेकडी, तळजाईवरून येणाऱ्या कुत्र्यांच्या नाकाकानांत कुसळं सापडतात. तिथे धूसरपणा पुवाचा आणि मळाचा असतो. कान आधी कोमट सलाईनने धुऊन घ्या, पडदा शाबूत आहे का पाहा, मग कुसळ चिमट्यात धरून जसं गेलं त्याच रेषेत मागे ओढा. पडदा शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत क्लोरहेक्झिडिन नको.

मूत्राशयात गढूळ दिसलं तर लघवी आणि सलाईन मिसळतंय. पूर्ण रिकामं करून पुन्हा भरा, दोन-तीन वेळा. चित्रासाठी मूत्राशय ताणून टम्म करू नका. त्याने अस्तरातून रक्त येतं आणि पुन्हा गढूळ.

पोटात बेंबीजवळचा पोर्ट घालताना फॅल्सिफॉर्म चरबीतून (बेंबीपासून यकृताकडे जाणाऱ्या चरबीच्या पट्टीतून) गेलात की काचेवर तेलकट थर बसतो. तो सलाईनने निघत नाही. बाहेर काढा, गरम पाण्यात बुडवा, गॉजने पुसा. आणि कॅन्युलाची (पोर्टच्या नळीची) आतली बाजूही पुसा, नाहीतर पुसलेलं टोक त्याच चरबीतून पुन्हा आत जातं. ही कॅन्युला पुसायची गोष्ट कुणाच्याच डोक्यात येत नाही. सीलरच्या (रक्तवाहिन्या उष्णतेने बंद करणाऱ्या उपकरणाच्या) धुराने चित्र पांढरं झालं तर दुसऱ्या पोर्टची तोटी क्षणभर उघडा, धूर निघून जातो.

धूसर नाही, अंधार

लाइट केबलचं एक टोक ट्यूबलाइटकडे धरा, दुसऱ्या टोकात पाहा. काळे ठिपके म्हणजे तुटलेले तंतू. पाव भागाच्या आसपास काळा झाला की केबल बदला. हीच तपासणी स्कोपची: खुंटी उजेडाकडे, टोकाचं वलय पाहा. खुंटीच्या काचेवर काळा जळका थर असेल तर ती उष्णतेने भाजलेली घाण. गार झाल्यावर अल्कोहोलने पुसा. केबल ताटाएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवा, घट्ट गुंडाळली की तंतू तुटतात. २.७ मिमीच्या स्कोपला पोटाच्या स्कोपची जाड केबल लावली तर जास्त उजेड मिळत नाही, जास्तीचा सगळा खुंटीवर उष्णता होऊन बसतो.

झेनॉनचा दिवा साधारण ५०० तासांचा. सोर्सवरचा तासमापक पाहा. कॅमेऱ्यावर झूम वाढवलेला असेल तर तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो, चित्र काळवंडतं. आणि रंग विचित्र असतील तर पांढऱ्या कोरड्या गॉजवर व्हाइट बॅलन्स, खोलीतला दिवा बंद करून, ज्या सोर्सवर काम करायचं तोच लावून.

आतली ओल आणि तडकलेली कांडी

बाहेरच्या सर्व काचा कोरड्या असूनही धूसरपणा राहतो, स्कोप तापला की बदलतो, गार झाला की वेगळा दिसतो: हे आत पाणी शिरल्याचं लक्षण. खोलीच्या तापमानाचा स्कोप ४५ अंशांच्या पाण्यात पूर्ण बुडवून दोन-तीन मिनिटं पाहा. आतली हवा प्रसरण पावते आणि फुटलेल्या सीलमधून बारीक बुडबुड्यांची माळ निघते, बहुधा टोकाशी किंवा आयपीसजवळ. खुंटीचे जोड आधी काढून ठेवा, नाहीतर त्यांच्याखाली अडकलेल्या हवेचे बुडबुडे फसवतात. बुडबुडे दिसले की तिथेच थांबा. हेअर ड्रायर किंवा उन्हात ठेवून ओल जात नाही, आतल्या काचांवर डाग मात्र कायमचे बसतात.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) चालतो असं स्कोपवर कोरलेलं असेल तरच ऑटोक्लेव्ह, आणि नंतर तो आपोआप गार होऊ द्यायचा. गरम स्कोप नळाखाली धरणं म्हणजे सील आणि कांड्या दोन्हींची वाट लावणं.

चंद्रकोर दिसायला लागली की कारण बहुतेक हाताळणीचं. २.७ मिमीचा स्कोप शीथशिवाय नाकातोंडात घालू नका. भूल हलकी असताना शिंक आली किंवा जबडा मिटला की संपलं. तरफेसारखा जोर लावून दिशा बदलू नका, ३०° कोन आहे त्याचा उपयोग करा: कॅमेरा सरळ ठेवून लाइटची खुंटी फिरवली की नजर फिरते. उचलताना आयपीसच्या जाड भागाला धरा.

ठेवताना फोमची पेटी फक्त प्रवासाला. पावसाळ्यात ओलसर स्कोप फोममध्ये गेला की ओल आत कोंडते आणि कपलरवर बुरशी धरते. छिद्रांच्या ट्रेमध्ये, हवाबंद डब्यात, निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. जेल गुलाबी झालं की भाजून पुन्हा निळं करा.

दुरुस्तीला पाठवताना स्कोप धुऊन, जंतुनाशक करून, कडक नळीत पाठवा. सोबत धूसर चित्राचा फोटो, सीरियल नंबर, आणि हा दोष कधी दिसतो, निर्जंतुकीकरण कसं करता हे लिहून द्या. परत आल्यावर छापील अक्षरं दीड-दोन सेमीवरून पाहा, कडेपर्यंत वाचता आली पाहिजेत. ऊन पाण्याची बुडबुड्यांची चाचणी पुन्हा करा. मूळ कंपनीबाहेर दुरुस्ती झाली असेल तर आत कुठला गोंद वापरला ते आपल्याला दिसत नाही, म्हणून नळीवर ऑटोक्लेव्हचं चिन्ह असलं तरी दुरुस्त करणाऱ्याने तसं लेखी देईपर्यंत तो स्कोप ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.